पहिल्याच स्क्रीनवर उत्तर : आपल्या गावच्या संस्थेची वेबसाइट घडवताना

लोणारचं सरोवर पाहायला निघालेल्या कुटुंबाला मोजक्याच गोष्टी हव्या असतात. समृद्धी महामार्गावरून कुठे उतरायचं, विवरात उतरून परत वर यायला किती वेळ धरायचा, मुक्कामाची सोय आहे का, सोबत म्हातारी माणसं असतील तर सरोवर कुठून पाहावं. खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन नेण्याच्या बेतात असलेल्या शेतकऱ्याला आजचा भाव आणि आवक कळली की पुरे. चिखलीला महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलीला शेवटची तारीख आणि कागदपत्रांची यादी हवी असते. ही सगळी माणसं आधी फोन हातात घेतात. आणि अनेकदा त्यांच्यासमोर येतात ते आपोआप सरकणारे मोठे फोटो, स्वागताचे दोन परिच्छेद आणि पदाधिकाऱ्यांचं मनोगत. उत्तर असतं, पण ते कुठल्यातरी पीडीएफच्या तिसऱ्या पानावर.

मग माणूस फोन लावतो, तो उचलला जात नाही, आणि शेवटी भाडं खर्चून तो तालुक्याला जाऊन खिडकीशी उभा राहतो. संस्थेचे पैसे गेले आणि त्या माणसाचा दिवसही गेला. हे टाळता येतं, आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही. चांगल्या वेबसाइटची कसोटी मी एका वाक्यात सांगेन: माणूस जो प्रश्न घेऊन आला, त्याचं उत्तर त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या फोनच्या पहिल्याच स्क्रीनवर, रेंज कमी असतानाही मिळालं पाहिजे. रंग, अक्षर, मांडणी, वेग हे सगळं या एका कामासाठी आहे.

हा लेख आहे बुलढाणा जिल्ह्यातल्या पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, शाळा, देवस्थानं, लॉज आणि दुकानं चालवणाऱ्यांसाठी; आणि त्यांच्यासाठी साइट बनवणाऱ्या आपल्याच मुलामुलींसाठी.

आधी प्रश्न लिहून काढा

वेबसाइटचं काम संगणकावर सुरू होत नाही. कार्यालयातल्या फोनजवळ एक वही ठेवा आणि आठवडाभर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. समोर येऊन विचारणाऱ्यांचे प्रश्नही त्यातच नोंदवा. आठवड्याअखेर वही उघडली की दिसेल, बहुतेक विचारणा चार-पाच प्रश्नांभोवतीच फिरते. पतसंस्थेला लोक शाखेची वेळ, ठेवीचा व्याजदर आणि सोनेतारण कर्जाची कागदपत्रं विचारतात. देवस्थानाला दर्शनाची वेळ, निवास आणि महाप्रसाद. लॉजला भाडं, गाडी लावायची जागा आणि रात्री उशिरा आलो तर खोली मिळेल का. सर्वांत जास्त वेळा आलेले तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं मुखपृष्ठावर सगळ्यात वर जातील. संस्थेचा इतिहास, पुरस्कार, छायाचित्रं यांनाही जागा आहे, पण ती त्यानंतर.

वहीतले शब्द जपून ठेवा, कारण तेच तुमच्या साइटचे शब्द आहेत. लोक ‘भाव’ शोधतात, तर ‘दरपत्रक’ हे शीर्षक देऊ नका. लोक ‘सातबारा’ म्हणतात, तिथे ‘अधिकार अभिलेख’ लिहून त्यांना अडवू नका. बटणावर ‘सबमिट’ऐवजी काय घडणार ते लिहा: ‘खोली नोंदवा’, ‘अर्ज पाठवा’, ‘पावती डाउनलोड करा’. ‘येथे क्लिक करा’ हे शब्द तर कुठेच नकोत, कारण त्यातून पुढे काय आहे ते कळत नाही.

मेन्यूत पाचपेक्षा जास्त नावं ठेवायची वेळ आली, तर मांडणी पुन्हा तपासा. फोनवर मेन्यू तीन आडव्या रेघांमागे लपवला जातो आणि त्या रेघा म्हणजे मेन्यू हे सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. म्हणून त्या रेघांशेजारी ‘मेन्यू’ हा शब्दही लिहा, आणि सर्वांत महत्त्वाच्या दोन-तीन दुव्यांना बाहेरच, उघड्यावर ठेवा. संपर्काचा फोन नंबर प्रत्येक पानाच्या तळाशी असावा आणि त्यावर बोट ठेवताच फोन लागावा. नंबरचा फोटो टाकला, तर माणसाला तो कागदावर उतरवून पुन्हा दाबावा लागतो.

फोनसाठी आधी, संगणकासाठी नंतर

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट लोकांसाठी खुली झाली. ते पान म्हणजे नुसता मजकूर आणि दुवे. ब्राउझरची खिडकी अरुंद केली, की त्या पानाच्या ओळी आपोआप वळतात. वेबचं पान मुळातच असं लवचिक असतं. पुढे छापील पत्रकासारखी ठरावीक रुंदीची पानं बांधायची पद्धत पडली आणि फोन आल्यावर ती पानं मोडू लागली. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी यावरचा उपाय एका लेखात मांडला: रुंदी टक्क्यांत ठरवायची, चित्रं जागेनुसार आक्रसू द्यायची, आणि स्क्रीनचा आकार पाहून मांडणी बदलायची. यालाच रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात. आज हा पाया आहे, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

कामाला सुरुवात करताना ३६० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर पान मांडा. एकच स्तंभ ठेवा. तिथे सगळं नीट बसलं, की मोठ्या स्क्रीनसाठी दुसरा स्तंभ वाढवणं सोपं जातं. उलट दिशेने गेलात, तर प्रत्येक गोष्ट कोंबावी लागते. पानाच्या सुरुवातीला व्ह्यूपोर्टचा टॅग असल्याची खात्री करा. तो नसला, तर फोन ते पान संगणकाच्या रुंदीचं समजून सगळंच बारीक करून दाखवतो. बोटांनी पान मोठं करून पाहण्याची सोय बंद करू नका, चाळिशी लागलेल्या वाचकाला तिचाच आधार असतो. बटणं ४४ पिक्सेलच्या आसपास उंच ठेवा. जागतिक सुगम्यता निकषांच्या २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत किमान २४ पिक्सेलची अट आहे, पण शेतात काम करून राठ झालेल्या बोटाला किंवा एसटीत हिंदकळणाऱ्या हाताला ती अपुरी पडते.

बाजारभावाचा तक्ता हे फोनवरच्या मांडणीचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. शेतमाल, वाण, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे सात स्तंभ फोनवर मावत नाहीत. मग पान आडवं सरकवावं लागतं आणि सरकवलं की कुठला भाव कुठल्या मालाचा ते कळेनासं होतं. त्याऐवजी प्रत्येक शेतमालाची एक छोटी चौकट करा. वर ठळक अक्षरांत ‘सोयाबीन’, त्याखाली मोठ्या आकड्यात सर्वसाधारण दर, त्याखाली लहान अक्षरांत किमान, कमाल आणि आवक. दर ‘प्रति क्विंटल’ आहे हे प्रत्येक चौकटीत लिहा. आणि तारीख सगळ्यात वर, ठळक. तारीख नसलेला भाव हा भाव न देण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून कुणी गाडी भरून निघू शकतं.

देवनागरीची काळजी

इंग्रजीसाठी बनलेला साचा उचलून त्यात मराठी मजकूर ओतला, की पान गजबजलेलं दिसतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. त्यांना श्वास घ्यायला जागा लागते. मजकुराचं अक्षर १७ किंवा १८ पिक्सेलचं ठेवा आणि दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७५ पट. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची युक्ती देवनागरीत कधीही वापरू नका, तिने शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ करण्याच्या नादात अरुंद स्क्रीनवर शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडतात, म्हणून मजकूर डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळा ठेवा. तिरपी अक्षरं देवनागरीच्या वळणाला साजत नाहीत. जोर द्यायचा असेल तर ठळक अक्षर पुरे, आणि तेही एका परिच्छेदात एखाद्या ठिकाणी.

मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे. अनेक संस्थांकडे जुनी पत्रकं कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तो मजकूर तसाच वेबवर चिकटवला, तर फॉन्ट नसलेल्या फोनवर निरर्थक चिन्हं दिसतात आणि शोधयंत्राला त्यातला एक शब्दही कळत नाही. आधी त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग डोळ्यांखालून घाला, कारण रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकते.

फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ आणि गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही मोफत आणि वाचायला स्वच्छ आहेत. मात्र जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. म्हणून एकच फॉन्ट घ्या, साधं आणि ठळक अशी दोनच वजनं वापरा, वॉफ-२ या दाबलेल्या स्वरूपात ठेवा, आणि फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्याच अक्षरात मजकूर दिसेल अशी सूचना सीएसएसमध्ये द्या. फॉन्ट निवडताना ‘शेतकऱ्यांना’, ‘ज्ञानगंगा’, ‘वाङ्मय’, ‘ॲप’ हे शब्द लिहून पाहा. ‘ऱ्या’ फुटला किंवा ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट बाजूला ठेवा.

पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याचं ‘एमआर’ हे चिन्ह लावायला विसरू नका. त्याने दोन गोष्टी साधतात. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. आणि दृष्टिहीन वाचकासाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी उच्चार निवडतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या जिल्ह्याचं नाव लोक बुलढाणा असंही लिहितात आणि बुलडाणा असंही. इंग्रजीतही एच घालून आणि न घालता अशी दोन्ही रूपं चालतात. सिंदखेडराजा एकत्रही लिहितात आणि तोडूनही. मुख्य मजकुरात एकच रूप कायम ठेवा, पण पत्त्यात किंवा एखाद्या ओळीत दुसरं रूपही सहजपणे येऊ द्या, म्हणजे कुणी कसंही शोधलं तरी तुम्ही सापडाल.

पानाचं वजन उतरवा

फोनच्या कॅमेऱ्यातला फोटो सहज ४ एमबीचा असतो. सेकंदाला १ मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर तो एक फोटो उतरायला ३२ सेकंद लागतात. तोच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी स्वरूपात १५० केबीवर आणला, तर जेमतेम सव्वा सेकंद. मुखपृष्ठावर असे पाच फोटो सरकत असतील, तर राजूर घाटात बसलेला प्रवासी पहिला फोटो पूर्ण दिसायच्या आत पान बंद करून मोकळा होतो. म्हणून सरकत्या फोटोंची पट्टी काढून टाका. एकच चांगला फोटो ठेवा, तोही मजकुराच्या खाली चालेल. खालचे फोटो वाचक तिथवर पोहोचला की मगच उतरतील अशी सोय एचटीएमएलमध्ये आहे, ती वापरा. प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची आधीच लिहून ठेवा, नाहीतर चित्र उशिरा येतं, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट भलत्याच दुव्यावर पडतं.

गूगलच्या मोजमापात पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर ते पान चांगलं मानतात. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या मोफत साधनात आपल्या साइटचा पत्ता टाकला, की हा आकडा आणि काय सुधारायचं ते दोन्ही कळतं. काम घेणाऱ्या व्यक्तीशी करार करतानाच हा आकडा त्यात लिहा.

आपल्या जिल्ह्यात वेगाचा प्रश्न गर्दीच्या दिवशी फार टोकदार होतो. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला, माघात गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावला प्रचंड जनसमुदाय लोटतो. एकाच टॉवरवर हजारो फोन असतात, रेंजचे दांडे दिसतात पण पान उघडत नाही. आणि माहितीची निकड त्याच दिवशी सर्वाधिक असते: गाड्या कुठे लावायच्या, कुठला रस्ता बंद आहे, परतीची बस कुठून सुटते, दवाखाना कुठे. अशा दिवसांसाठी वेगळं पान करा, ज्यात फक्त मजकूर असेल आणि ज्याचं वजन ५० केबीच्या आत असेल. ते पान दर वेळी डेटाबेसमधून तयार होऊ नये, आधीच तयार करून ठेवलेली साधी फाइल असावी. म्हणजे एकाच वेळी हजारो लोक आले तरी सर्व्हर कोलमडत नाही. दोन दिवस आधी मुखपृष्ठावर सगळ्यात वर त्याचा दुवा द्या आणि उत्सव संपला की काढा.

सगळ्यांना वाचता यावं

रंग निवडताना भर दुपारी उन्हात फोन धरून उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. जागतिक निकषांनुसार साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षरासाठी ३ ला १. आपल्याकडे भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं लिहिण्याची फार आवड आहे. तिरंग्यासाठी वेबवर नेहमी वापरतात ती केशरी छटा घेतली, तर हे प्रमाण जेमतेम २.१ ला १ भरतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्याच केशरीवर काळी अक्षरं लिहिली, तर ते सुमारे ९.९ ला १ होतं. रंग सोडायची गरज नाही, अक्षराचा रंग बदलला की झालं. तसंच, भरलेल्या खोल्या लाल आणि रिकाम्या हिरव्या एवढंच दाखवू नका. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद दिसत नाही, त्यांच्यासाठी ‘भरली’, ‘रिकामी’ हे शब्दही लिहा.

मजकूर चित्रात अडकवू नका. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगितलं जातं. पाऊस, पिकं, भाव यांचं ते भाकीत वऱ्हाडभर लोक शोधत असतात. ते नुसतं रंगीत चित्र करून टाकलं, तर शोधयंत्राला सापडत नाही, फोनवर बारीक दिसतं, आणि दृष्टिहीन वाचकापर्यंत पोहोचतच नाही. तोच मजकूर ओळीओळीने लिहिला, तर शोधता येतो, वाचून दाखवता येतो, पुढे पाठवता येतो. शाळेच्या सूचना, निविदा, निकाल यांनाही हेच लागू. सही-शिक्क्याची स्कॅन केलेली प्रत हवीच असेल, तर तिचा मजकूर पानावर लिहा आणि प्रत सोबत जोडा. दुव्याशेजारी ‘पीडीएफ, ३४० केबी’ असा तिचा आकार सांगा, म्हणजे डेटा जपून वापरणारा माणूस ठरवू शकेल.

फोटोलाही पर्यायी मजकूर द्या. ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे, असं फाइलचं नाव ऐकून दृष्टिहीन माणसाला काही कळत नाही. ‘काठावरून दिसणारं लोणार सरोवर, उतारावर दाट झाडी’ एवढं वाक्य पुरतं. आणि मुखपृष्ठावर डावीकडून उजवीकडे पळणारी ‘ताज्या बातम्यां’ची पट्टी काढा. वाचायला वेळ लागणाऱ्याच्या हातून ती निसटते. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारा मजकूर थांबवण्याची सोय द्यावी असं निकष सांगतात. साधी यादी दिली, तर तो प्रश्नच उरत नाही.

हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती आणि संपर्क साधनांच्या सुगम्यतेची तरतूद आहे. सरकारी वेबसाइट्ससाठी केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. खासगी संस्थेनेही ती समोर ठेवून काम केलं तर उत्तम. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. तपासणी सोपी आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘टॉकबॅक’ सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच साइटवरून फोन नंबर शोधून दाखवा.

अर्ज आणि पैसे

अर्जातली प्रत्येक चौकट म्हणजे माणूस सोडून जाण्याची एक संधी. खोलीच्या चौकशीसाठी नाव, फोन, तारीख आणि माणसांची संख्या पुरते; ईमेल, जन्मतारीख, आधार क्रमांक मागू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चा आत्माही हाच आहे, कामापुरतीच माहिती घ्या आणि ती कशासाठी घेता ते सांगा. जी माहिती तुम्ही घेतलीच नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही.

चौकटीचं नाव चौकटीच्या वर लिहा. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच नाहीसं होतं आणि माणूस गोंधळतो. फोन नंबरच्या चौकटीवर बोट ठेवताच आकड्यांचा कीबोर्ड उघडावा. मराठी कीबोर्ड वापरणाऱ्याने ९८ असे देवनागरी अंक टाकले, तर अर्ज नाकारू नका, ते बदलून घेण्याचं काम संगणकाचं आहे. चूक झाली तर ‘अवैध नोंद’ एवढंच सांगू नका. ‘फोन नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे टाकले आहेत’ असं सांगा, आणि भरलेली बाकीची माहिती पुसू नका. फोटो किंवा कागदपत्र ‘२०० केबीच्या आत’ मागून माणसाला सायबर कॅफेत पाठवण्यापेक्षा, फोनवरून आलेला मोठा फोटो सर्व्हरवरच लहान करून घ्या.

देणगी किंवा आगाऊ रकमेसाठी बहुतेक ठिकाणी क्यूआर कोडचा फोटो लावलेला असतो. पण जो फोनवरच साइट पाहतोय, तो त्याच फोनने आपल्याच स्क्रीनवरचा कोड कसा स्कॅन करणार? कोडसोबत यूपीआय आयडी लिहा, तो एका बोटात कॉपी होईल असं बटण द्या, आणि थेट पैसे देण्याचं ॲप उघडणारा यूपीआयचा दुवाही ठेवा. पैसे कुणाच्या नावावर जमा होणार ते नाव शेजारी स्पष्ट लिहा, म्हणजे ॲपमध्ये तेच नाव दिसल्यावर माणूस निर्धास्त होतो.

विश्वास कशाने बसतो

तीर्थक्षेत्रं आणि पर्यटनस्थळांच्या निवासाच्या नावाने बनावट साइट उघडून पैसे उकळण्याचे प्रकार देशात घडत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. ज्या जिल्ह्यात शेगाव, लोणार, मेहकरचा शारंगधर बालाजी आणि देऊळगावराजाचा बालाजी आहे, तिथे यात्रेकरूला खरी साइट ओळखता येणं फार महत्त्वाचं आहे. साइटचा एकच पत्ता ठरवा आणि तोच पावतीवर, फलकावर, दारावर छापा. पूर्ण पत्ता, कार्यालयाचा नंबर आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक दिसेल असा लिहा. साइटची जोडणी सुरक्षित करणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं, पण बनावट साइटलाही ते मिळतं, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, ही ओळही नोंदणीच्या पानावर असू द्या.

डोमेन संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवा. साइट बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि डोमेनचा पासवर्ड त्याच्यापाशी राहिला, तर मुदत संपल्यावर नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. डोमेन, होस्टिंग आणि साइटच्या फाइल या तिन्हींच्या किल्ल्या सचिवांकडे लेखी असाव्यात, आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या दिनदर्शिकेवर.

पाच माणसांसमोर तपासा

साइट खुली करण्याआधी पाच माणसांना बोलवा. जेकब नील्सन यांनी २००० मध्येच मांडलं, की वापरातल्या बहुतेक अडचणी पाच जणांच्या चाचणीतच बाहेर पडतात. हे पाच जण संचालक मंडळातले नकोत. एक शेतकरी, एक महाविद्यालयीन मुलगी, एक साठीच्या पुढच्या आजी, एक बाहेरगावचा पाहुणा आणि जमल्यास एक दृष्टिहीन व्यक्ती. त्यांच्याच फोनवर त्यांना काम द्या: ‘उद्या सकाळी दर्शन किती वाजता सुरू होतं ते सांगा.’ ‘हरभऱ्याचा आजचा भाव शोधा.’ मग गप्प बसा. मदत करू नका, समजावू नका. ते कुठे थबकतात आणि कुठे चुकीचं बटण दाबतात ते टिपा. दोन माणसं एकाच जागी अडली, तर दोष पानाचा आहे, माणसांचा नव्हे. ती जागा दुरुस्त करा आणि दुसऱ्या पाच जणांना बोलवा.

साइट चालू झाल्यावर तिची खरी परीक्षा सुरू होते. बहुतेक साइट वाईट डिझाइनने मरत नाहीत, जुन्या माहितीने मरतात. म्हणून कार्यकारी मंडळाच्या ठरावातच एका व्यक्तीचं नाव लिहा, जी महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक पान उघडून वेळा, दर आणि फोन नंबर तपासेल. माहिती बदलणं तिला फोनवरून, डिझाइनरला न विचारता जमलं पाहिजे. ही अट काम देतानाच घाला. प्रत्येक पानावर ‘शेवटचा बदल’ आणि तारीख असू द्या.

पैसे थोडे असतील, तर सुरुवात एकाच पानापासून करा. वर संस्थेचं नाव आणि काम एका वाक्यात. मग लोकांच्या तीन प्रश्नांची उत्तरं. मग बोट ठेवताच लागणारा फोन, पत्ता आणि नकाशाचा दुवा. खाली शेवटच्या बदलाची तारीख. असं मराठी पान एखादी विद्यार्थिनी चार दिवसांत उभं करू शकते. तिला ते काम द्या आणि त्याचा योग्य मोबदलाही द्या. हे एक पान वर्षभर अचूक आणि ताजं ठेवता आलं, की मगच दुसरं पान वाढवा.